मंत्रिमंडळ नवं, परीक्षक आम्ही

किस्से काही कुणी मुद्दाम जमवायला जात नाही. ते आपोआप साचतात, माळ्यावर रिकामे डबे साचतात तसे! कधीतरी एखादी वस्तू शोधायला म्हणून वर चढावं आणि सगळे डबे धडाधड अंगावर यावेत. परवा मंदाचा फोन आला, "नले, आपलं ते मंत्रिमंडळ आठवतं का गं?" एवढंच म्हणाली आणि हसायलाच लागली. मी फोन ठेवला, पण डबे काही थांबेनात.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची छताच्या पंख्यांची कंपनी होती. मी डिस्पॅचला. निवडणुका नुकत्याच होऊन राज्यात नवे मुख्यमंत्री आले होते. आता हे कुणाला कुठलं खातं देतात, कुठल्या खुर्चीवर कुठला अधिकारी बसवतात, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. आमच्या टेबलाचं तर जरा जास्तच!

टेबल म्हणजे कँटीनमधलं खिडकीजवळचं. तिथे आम्ही चौघंजण रोज डबे उघडायचो. टूलरूमचे परबकाका, गाव मालवणजवळ, राहायला कांदिवलीला माझ्याच गल्लीत. स्टोअर्समधला शिरसाट, मूळचा जालन्याकडचा, घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत राहायचा, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा. अकाउंट्सचा भाटकर, ज्याला सगळं आधीच माहीत असायचं. आणि मी. पाचवी मंदा, टेलिफोन ऑपरेटर, वर्सोव्याची. पण तिला बोर्ड सोडून जेवायला येता यायचं नाही. ती तिथूनच आमच्यात असायची. कशी, ते सांगते.

*

मंत्र्यांची नावं जाहीर व्हायची होती त्या दुपारी कँटीनमध्ये रेडिओ नव्हता. मंदाच्या बोर्डाशेजारी मात्र छोटा ट्रान्झिस्टर होता, साहेबांच्या परवानगीशिवाय ठेवलेला. मग ठरलं असं, की मंदानं एक कान ट्रान्झिस्टरला लावायचा आणि एकेक नाव इंटरकॉमवर कँटीनला कळवायचं. इंटरकॉमवर परबकाका. ते ऐकणार आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगणार. काकांचा आवाज असा, की टूलरूमची मशीनं चालू असताना बाहेर गेटवर ऐकू यायचा.

सुरुवात झकास झाली. "महसूल, अमुक अमुक!" काका ओरडले. कँटीनमधून "अरे वा!" "शेती, तमुक!" "हॅट!" असं चाललेलं. मध्येच मंदाकडे बाहेरगावचा ट्रंककॉल आला. ती बिचारी एका हातानं ट्रंक जोडतेय, दुसऱ्या हातानं आम्हाला धरून ठेवतेय. कुठलीतरी वायर कुठल्यातरी भोकात गेली!

काकांनी इंटरकॉम कानाला घट्ट लावला होता. डोळे मिटून, एकही अक्षर सुटू नये म्हणून. आणि जे ऐकू आलं ते त्यांनी तसंच्या तसं जाहीर केलं:

"उद्योगमंत्री... माल खराब निघालाय, पार्टी परत पाठवतेय!"

मग सगळं कँटीन उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. काकांना वाटलं, उद्योगमंत्री लोकांना फारच आवडला!

*

शिरसाटला नुसत्या टाळ्या आणि "हॅट" मंजूर नव्हतं. "असं चालणार नाही," तो म्हणाला. "काम काय केलंय, शिक्षण काय, मतदारसंघात नाव कसं, सगळं बघून मार्क द्यायचे. शंभरपैकी."

कँटीनच्या दारात एक काळा फळा होता. कँटीन चालवणारे शेट्टी त्यावर रोजची भाजी लिहायचे. शिरसाटनं त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर कब्जा केला. रोज जेवताना एक मंत्री घ्यायचा, भांडायचं, आणि मार्क ठरले की खडूनं लिहायचं. भांडणं अशी, की एकदा आरोग्यमंत्र्याच्या पाच मार्कांवरून परबकाका आणि शिरसाट दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी काकांनी बांगड्याचं तिखलं आणलं तेव्हा कुठे तह झाला. "घे. दोन मार्क तुझे, तीन माझे."

एके दिवशी आमचे फॅक्टरी मॅनेजर शाहसाहेब दिल्लीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला फॅक्टरी दाखवत कँटीनच्या दारापर्यंत आले. फळ्यावर वरती होतं, 'वांगं-बटाटा, आमटी, भात.' आणि त्याच्या खालोखाल, 'पाटबंधारे काठावर पास. शिक्षण पस्तीस. सहकार नापास.'

गिऱ्हाईक थबकलं. "व्हॉट इज धिस? कँटीनमध्ये हे काय बनतंय?"

शाहसाहेब घामाघूम. आम्ही सगळे डब्यात डोकं घालून बसलेलो. शेवटी शेट्टीच पुढे झाले. कमरेला टॉवेल, हातात डाव.

"साहेब, वरचा आमचा आहे. ताजा आहे, ग्यारंटी. खालचा सरकारचा आहे, त्याचा ग्यारंटी मी नाही घेत!"

गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली. पंख्यांची. आणि जाताना वांगं-बटाटाही खाऊन गेलं.

*

आता भाटकर. भाटकरचा साडू मंत्रालयात होता. हे आम्हाला कसं माहीत? कारण भाटकरच्या प्रत्येक वाक्याची सुरुवातच "आमचा साडू मंत्रालयात आहे, तो म्हणतो" अशी व्हायची.

शपथविधीच्या आधी आठवडाभर त्यानं आम्हाला अख्खं मंत्रिमंडळ सांगून ठेवलं होतं. गृह कुणाला, वित्त कुणाला, मुख्य सचिव कोण होणार, पोलिसांचा मोठा साहेब कोण येणार, सगळं. आवाज खाली, मान पुढे, आजूबाजूला बघत. आम्हीही मान पुढे करून ऐकायचो. का कोण जाणे, मान पुढे केली की बातमी खरी वाटते!

नावं जाहीर झाली. भाटकरचं एकही नाव बरोबर नाही! एखादं चुकूनसुद्धा लागू नये म्हणजे कमालच म्हणायची. शिरसाट वाटच बघत होता.

"काय भाटकर? साडूची बातमी कुठे गेली?"

भाटकर पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाला, "बातमी बरोबरच होती. मुख्यमंत्र्यांनी ऐकली नाही, त्याला साडू काय करणार?"

पुढे दिवाळीत तो साडू कंपनीत आला, भाटकरला भेटायला. साधा, गोड माणूस. चहा पिताना काकांनी विचारलंच, "तुम्ही मंत्रालयात नेमके खंयच्या खात्यात?"

"मी लिफ्टवर असतो," साडू म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी भाटकरकडे पाहिलं. भाटकर जराही डगमगला नाही. उलट मोठ्या अभिमानानं साडूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "म्हणूनच तर! सगळे मंत्री याच्या डोळ्यांसमोर वर जातात आणि याच्याच डोळ्यांसमोर खाली येतात!"

*

गृहखात्याचं राज्यमंत्रिपद एका बाईंना मिळालं तेव्हा कँटीनमध्ये जो काही गदारोळ झाला! आमच्या टेबलावर नव्हे, पलीकडच्या. पेंट शॉपचे लोक. "बाईला गृह? पोलीस ऐकतील का तिचं?" "तिला महिला-बालकल्याण द्यायचं ना." "इन्स्पेक्टर सॅल्यूट मारून मागे वळला की हसेल, यार!"

मी उठून काही बोलणार, तेवढ्यात मंदा कँटीनमध्ये आली. तिच्या बोर्डावर त्या दिवशी रिपेअरवाला बसला होता, म्हणून तिची सुटका. ती ते सगळं ऐकत पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहिली. ग्लास रिकामा केला, पालथा घातला आणि तिथूनच म्हणाली, "थांबा!"

सगळे थांबले. तोंडातला घास तोंडात. अगदी शाहसाहेबांचा ड्रायव्हर दारातून आत येत होता, तोही एक पाय उंबऱ्यात, एक पाय बाहेर असा थांबला. तो आवाज आम्ही सगळे दिवसातून कितीदा तरी कानात ऐकायचो. साहेबसुद्धा त्या आवाजाला "बरं बरं" म्हणायचे.

मंदानं सगळीकडे नजर फिरवली.

"ऐकलंत ना? ऐकायला लावायला आवाज लागतो, मिशी लागत नाही. चालू द्या आता."

मी परत डब्याकडे वळले.

*

एका नेमणुकीवर मात्र आमच्या टेबलावर कुणी हसलं नाही. निदान सुरुवातीला नाही.

शिरसाटची एक जुनी तक्रार होती. सरकार कुणाचंही येवो, आमच्या समाजातला माणूस घेतला की त्याला समाजकल्याण. दरवेळी. "का रे?" तो विचारायचा. "आमच्यात कुणाला रस्ता बांधता येत नाही? शाळा चालवता येत नाही? कल्याण सोडून दुसरं काही कळतच नाही का आम्हाला?" हे तो शांतपणे विचारायचा.

त्या वेळी खात्यांचा खांदेपालट झाला आणि वित्तखातं गेलं त्याच्या समाजातल्या एका माणसाकडे. पेपर शिरसाटच्या हातात होता. त्यानं बातमी वाचली, पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. डबा उघडायचंसुद्धा विसरला. काकांनी हळूच त्याचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

आणि नेमका भाटकर बोलला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण माणूस अकाउंट्सचा. म्हणाला, "ते ठीक आहे रे. पण वित्त म्हणजे अवघड काम. तुटीचं बजेट, अमुक-तमुक. याला अनुभव आहे का तुटीचा?"

मी डब्यातली भाजी उगाच ढवळत बसले.

शिरसाटनं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मला वाटला होता तसला राग नव्हता. उलट तो हसत होता, अगदी डोळ्यांपर्यंत.

"भाटकर," तो म्हणाला, "दुसरं काहीही विचार. तूट म्हणजे काय, हे आमच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही!"

सगळ्यात मोठ्यानं भाटकरच हसला. मग उठला, शिरसाटच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "चुकलो." बस, एवढंच. संध्याकाळी शिरसाटनं सगळ्या स्टोअर्सला पेढे वाटले. पहिला पेढा त्यानं अकाउंट्समध्ये नेऊन दिला.

*

लोकांचं मंत्रिमंडळ तपासणं किती सोपं आणि स्वतःचं बनवणं किती अवघड, हे आम्हाला त्याच वर्षी कळलं. कंपनीनं कँटीन कमिटी कामगारांच्या हाती द्यायचं कबूल केलं. निवडणूक झाली. आणि परबकाका प्रचंड मतांनी अध्यक्ष झाले! त्या आवाजापुढे दुसरा उमेदवार टिकणार तरी कसा?

अध्यक्षानं आपले सभासद नेमायचे होते. मुख्यमंत्र्यांनी आपल्याच जिल्ह्यातली माणसं भरली म्हणून काकांनी महिनाभर टेबल डोक्यावर घेतलं होतं. आता त्यांनी आपली नावं वाचली. भाजी खरेदी, सावंत. किराणा, राणे. स्वच्छता, गावडे. मासळी, दुसरे सावंत.

शिरसाटनं हात वर केला. "काका, ही कमिटी आहे की मालवणची एस.टी.?"

काका लाल झाले. "अरे, माका ठाऊक असलेलीच माणसं घेतलंय मी. इस्वासाची!"

"मुख्यमंत्रीही हेच म्हणाले होते. तुम्ही त्यांना किती मार्क दिले होते?"

दुसऱ्या दिवशी काका जेवायला आले तेव्हा डोळे लाल. रात्री झोपच नाही म्हणे. बसल्या बसल्या म्हणाले, "रद्द. सगळी नावां रद्द." एक सावंत ठेवले, मासळीसाठी. "ह्याच्यात तडजोड नाय," म्हणाले. बाकी माणसं वेगवेगळ्या खात्यांतली घेतली. पेंट शॉपचा एक, पॅकिंगची एक बाई, एक उत्तर प्रदेशातला वेल्डर. आणि सगळ्यात मोठं पद, म्हणजे खरेदी तपासायचं, ते शिरसाटला!

"मला?" शिरसाट चाट. "मी तर तुमच्याविरुद्ध मत दिलंय."

"म्हायत हा माका. तूच एकटो असो आसस, की मी चुकलंय तर तोंडार सांगशीत. आता बाहेर बसान मार्क देव नको. आत ये!"

शिरसाट आत गेला. महिन्याभरातच आमटी पातळ झाल्याची तक्रार आली, आणि फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शिरसाट – नापास.' त्यानं फळ्याजवळ जाऊन ते वाचलं. मग परत येऊन मला म्हणाला, "नलूताई, त्या सहकारमंत्र्याला आपण जरा कमीच मार्क दिले गं."

*

काकांच्या घरातली एक गोष्ट. ही कँटीनमधली नव्हे, पण मंत्रिमंडळाचीच.

काकांचे थोरले भाऊ, दादा, गिरणीत विणकर होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. लालबागची खोली भावकीत गेली आणि दादा कांदिवलीला काकांकडे येऊन राहिले. मी येता-जाता त्यांना बघायची. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, अंगात बंडी, हात मांडीवर पालथे. बोलणं जवळजवळ बंद. काका रोज संध्याकाळी घरी जाऊन त्यांना आमच्या टेबलावरचे सगळे किस्से सांगायचे, मुद्दाम रंगवून. दादा ऐकायचे. हसायचे नाहीत.

एक दिवस मात्र दादांनी स्वतःहून विचारलं, "ह्या नव्या मंत्र्यांत गिरणीत काम केल्लो कोण आसा काय रे?"

काका दुसऱ्या दिवशी टेबलावर आले ते हाच प्रश्न घेऊन. शिरसाटनं जुने पेपर काढले. कामगारखात्याचे मंत्री तरुणपणी काही वर्षं गिरणीत होते, असं एका कोपऱ्यात सापडलं. हे मंत्री आठवड्यातून एक दिवस लोकांना भेटतात, हेही सापडलं. काकांनी घरी जाऊन सांगितलं.

त्या आठवड्यात दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला आठवतं, गल्लीतल्या बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. दादा दाढी करून, केस विंचरून, चपला पुसून एकटेच निघाले. "मी येतंय वांगडा," काका सोबत निघत म्हणाले, तर "नको" म्हणाले.

संध्याकाळी परतले तेव्हा मी काकांकडेच होते. काकूंनी पाणी दिलं. काकांना धीर निघेना.

"काय म्हणालो मंत्री? काय काम होतला?"

"काय म्हायत."

"मग इतको वेळ काय झाला थंय?"

"नाव इचारल्यान माझा," दादा म्हणाले. "मी सांगलंय. गर्दी होती, तेका आयकाक येवक नाय. तर खुर्चेतसून उठलो, जवळ इलो आणि परत इचारल्यान."

काकूंनी रिकामा पेला हातात घेतला.

"परत इचारल्यान," दादा पुन्हा म्हणाले, आणि काकूंना म्हणाले, "गो, भूक लागली हा माका. काय केलंस?"

गिरणी काही सुरू झाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दादा गॅलरीत बसेनासे झाले. पुढल्या पावसाळ्याआधी ते आमच्याच कंपनीत कॉइल वाइंडिंगला लागले आणि आमच्या टेबलावर पाचवी खुर्ची आली. आरोग्यमंत्र्याच्या बाबतीत ते शिरसाटच्या बाजूचे निघाले, त्यामुळे काकांची वाट लागली!

*

आणि आता तो किस्सा, जो आठवून मंदा परवा फोनवर हसत सुटली असणार.

गृहनिर्माण खातं आणि त्याच्यासोबत झोपडपट्टी सुधारायचं काम दिलं होतं कुठल्याशा तालुक्याच्या गावच्या एका माणसाला. मुंबईत त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. शिरसाट फार नाराज होता. त्याच्या घाटकोपरच्या टेकडीवर सगळ्या वस्तीला मिळून एकच नळ होता, तोही पायथ्याशी. हंडे भरून वर चढवायचे. दोन मंत्र्यांना याआधी निवेदनं देऊन झाली होती. "आता हा तिसरा. याला मुंबईत रस्ता सापडला तरी पुष्कळ!"

तरी वस्तीतली चार माणसं घेऊन तो मंत्रालयात जाऊन आला. मंत्र्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मी येऊन बघतो." शिरसाट परत आला तो धुमसतच. "येऊन बघतो म्हणे! आजवर कोण आलंय?"

नळ पुढे वर आला, ते मी आधीच सांगून टाकते. बराच उशिरा आला, आणि त्यात किती जणांचा हात होता ते शिरसाटलाच विचारायला हवं. मी सांगतेय ते त्याच्या आधीचं.

शिरसाटच्या मुलीचं बारसं होतं. रविवार. मंदा आणि मी सकाळीच मदतीला निघालो. घाटकोपरला रिक्षा टेकडीच्या पायथ्याशी सोडली, तर तिथे नळावर ही रांग! रांगेत शिरसाटची आई. डोक्यावर पदर, हातात पितळी हंडा. घरी पाहुणे यायचे, पाण्याचा थेंब नाही, आणि सून बाळंतीण. म्हणून म्हातारी स्वतः येऊन उभी. आम्ही म्हटलं, आई, आम्ही थांबतो, तुम्ही जा. तर म्हणाली, "तुम्ही पावण्या. पावण्याला कुणी पाण्याला लावतं का? बसा तिथं सावलीला."

आम्ही बसलो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पँटचे पाय दुमडलेले, कारण गटार ओलांडून आले होते. पायांत साध्या चपला. नळाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, मग मान वर करून टेकडीकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं, पालिकेचा माणूस असेल, नाहीतर कुणाचा तरी पाहुणा, घर शोधतोय.

वरून एक बाई ओरडली, "आजे, लवकर ये वं! पोरगी लई रडतीय!"

म्हातारीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारी हा माणूस उभा. तिनं सरळ हंडा त्याच्या हातात दिला.

"धर रं बाबा. इथंच उभा राहा, हलू नको. माझा नंबर हाय ह्यो. आले मी."

आणि गेलीसुद्धा, चढण चढत! तो माणूस हंडा घेऊन उभा राहिला. रांग पुढे सरकली तसा तोही सरकला. मागच्या बाईनं त्याला विचारलं, कितव्या चाळीतला तू? तो म्हणाला, "मी गावाकडचा." तिनं विचारलं, गावाकडे पाणी आहे का? तो म्हणाला, "तिथंही अशीच रांग असते. आमची आईपण उभी असते." मग त्या दोघांचं गावाकडचं बोलणं सुरू झालं.

आणि मग गल्लीतून धापा टाकत दोन-तीन माणसं आली. एकाच्या हातात फाइल, एकाच्या खांद्यावर पक्षाचं उपरणं. फाइलवाल्याचा चेहरा पांढराफटक. "साहेब! साहेब, तुम्ही इथे? आम्ही पलीकडच्या रस्त्याला हार घेऊन उभे आहोत!"

मंदानं माझा दंड असा काही पकडला, की वळ दोन दिवस राहिला.

नेमकी त्याच वेळी म्हातारी खाली उतरत होती. फाइलवाला तिच्यावरच धावला. "आजी, कुणाच्या हातात हंडा दिलात तुम्ही? अहो, मंत्री आहेत हे! मंत्री!"

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. नळ तेवढा वाहत होता.

म्हातारीनं कपाळावर हात धरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मग रांगेकडे पाहिलं.

"मंत्री हाईस का रं तू?"

"होय, आई."

"नंबर नाही ना गेला माझा?"

"नाही, आई. पुढं दोघीच राहिल्यात."

"मग धर अजून जरासा," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा चढणीला लागली. "पोरगी रडायलीय माझी."